पाठवणीच्या दिवशीचा अंक

काल कुरिअरनं सुपरहिरोच्या कॉमिकचा नवा अंक आला. चित्रं झकास आहेत, पण हल्ली नायक एका अंकात मरतो आणि पुढच्याच अंकात परत येतो, ते काही मला पटत नाही. सवयीनं पानं नाकाशी धरली. त्या शाईच्या वासासरशी मला ताईच्या लग्नातलं आमचं शिरूरचं घर आठवलं.

आम्ही दोघी बहिणी प्रत्येक अंक एकत्रच वाचायचो. त्या दिवशी तिला मांडवगणला सासरी न्यायला जीप दारात उभी होती. मुंडावळ्या बांधलेल्या ताईनं मला आतल्या खोलीत ओढलं.

"नवा अंक आला ना? जगतो का गं तो?"

"तुझ्याबिगर कशी वाचू? तसाच ठेवलाय."

आम्ही उभ्याउभ्याच घाईनं पानं उलटली. शेवटच्या पानावर नायक मेला. ताई माझ्या गळ्यात पडून हमसून रडायला लागली.

दारातल्या बायका म्हणाल्या, "पोरीला माहेर सुटंना."

ती कशासाठी रडतेय ते फक्त मलाच ठाऊक, म्हणून मला हसू आलं. अकरा वर्षांची होते मी.

आता वाटतं, त्या बायकांचंच खरं होतं.