कारखान्यातली पिवळी खोली

आमच्या मावशीला खोटं बोलता यायचं नाही, आणि नेमकं तिलाच खोटं बोलायच्या कामाला लावलं होतं. काय म्हणावं असल्या डोक्यांना!

मी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवायचे. मावशी जिन्याखाली बसून बटणं निवडायची, फुटकी बाजूला आणि चांगली रंगाप्रमाणे डब्यांत. नात्यानं ती कुणाचीच कुणी नव्हती, पण हाक मारली की बडबडत का होईना, धावून यायची. जिथे बाया कामाला असतात तिथे त्यांच्या मुलांसाठी खोली हवी, असा म्हणे कायदा आहे. आमच्याकडे होती की! पिवळ्या भिंती, त्यावर रंगवलेले फुगे, इवल्या इवल्या खुर्च्या. फक्त तिला बारा महिने कुलूप. तपासणी आली की कुलूप निघायचं, मॅनेजरच्या नात्यातली मुलं इस्त्रीच्या कपड्यांत गाडीतून यायची आणि मावशीला तिथे ‘बाई’ म्हणून बसवायचे. केस पांढरे, चेहरा प्रेमळ, म्हणून तिची निवड. प्रेमळ! तिचं तोंड सुटलं की भलेभले पळायचे.

आणि आमची मुलं? घरात कोंडलेली. मी माझ्या चार वर्षांच्या पोरीला बिस्किटं आणि पाण्याची बाटली द्यायचे आणि बाहेरून कडी लावून यायचे. मावशीला कळलं तेव्हा सगळ्यांदेखत माझ्यावर तुटून पडली. “अगं, कोंबडी आहे का ती, डालून ठेवायला? उद्यापासून इथे आण.” मी आणली. मग शेजारच्या मशीनवालीनं तिचं रांगतं बाळ आणलं, पलीकडच्या एकीनं जुळे आणले. आमच्या रजा कमी झाल्या, तसा सुपरवायझरही काणाडोळा करायला लागला. मावशी काम करता करता पोरांना शिकवायची. लाल कुठलं, निळं कुठलं, चार भोकांचं कुठलं. माझी पोर घरी येऊन मलाच प्रश्न विचारायची आणि माझं उत्तर चुकलं की कपाळावर हात मारून घ्यायची, थेट मावशीसारखा. मला तिच्या वयात कुणी काही शिकवलं नव्हतं. 

एके दिवशी सकाळीच फोन आला. तपासणीवाल्या बाई तासाभरात येतायत. सुपरवायझरची पाचावर धारण बसली. “पोरांच्या हातात बटणं दिसली तर बालमजूर म्हणतील! पिवळ्या खोलीत बसवली तर खरं बोलून जातील! हटवा त्यांना!” आणि त्यानं चौघांना उचलून पॅकिंगच्या खोलीत, खोक्यांमागे नेऊन बसवलं. त्या खोलीला खिडकी नाही. “कुणी आवाज केला तर आई उद्यापासून घरी,” असा पोरांनाच दम दिला आणि कडी घातली.

“अरे मेल्या, आत वारा नाही!” मावशी ओरडली.

“थोडा वेळ काढा हो. तुम्ही त्या खोलीत जाऊन बसा आधी.”

ती गेली. आम्ही आपापल्या मशीनवर बसलो. नोकरी जायची भीती काय असते, ते ज्याचं त्याला माहीत.

पिवळ्या खोलीचं दार माझ्या मशीनसमोरच होतं. इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं आत येऊन बसली होती. तपासणीवाल्या बाई आल्या, छोट्या खुर्चीवर अवघडून बसल्या. रोज इतकीच मुलं असतात का, काय शिकवता, असं विचारत होत्या. मावशी नुसती हूं हूं करत होती. माझे कान मात्र पॅकिंगच्या दाराकडे. जीव मुठीत धरून कॉलर शिवत होते, शिवण वाकडी जात होती. तेवढ्यात आत बाळ रडलं. मशिनींच्या आवाजातही ऐकू आलं. शेजारणीचे हात थबकले.

मग ते रडणं मधेच थांबलं. हळूहळू कमी झालं नाही, एकदम थांबलं.

मावशी ताडकन उठली. “बाई, ही मुलं माझी नव्हेत. यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. माझी मुलं तिकडे कोंडलीत, आणि त्यातलं एक आत्ता रडता रडता गप्प झालं.” मॅनेजर आडवा आला, त्याला तिनं कोपरानं ढकललं आणि कडी काढली.

खोक्यांमागे माझी पोर बाळाला मांडीत घेऊन बसली होती. तिचा पंजा बाळाच्या तोंडावर गच्च दाबलेला. मावशीनं हिसकून बाळ घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या. बाळानं श्वास ओढला आणि असा टाहो फोडला की माझ्या जिवात जीव आला.

“मी त्याला रडू नाही दिलं,” पोर म्हणाली. “आईला घरी पाठवतील ना.”

“कुणाची मुलं ही?” तपासणीवाल्या बाईंनी विचारलं.

शेजारीण मान खाली घालून मशीन चालवत होती. सुईखाली कापडच नव्हतं. जुळ्यांच्या आईनंही वर बघितलं नाही. मी उठले. “ही माझी,” म्हणाले.

त्यानंतर पिवळी खोली खरंच उघडली. शिकलेली बाई नेमली. शेजारणीचं बाळ तिथे जातं, जुळेही जातात. मला आणि मावशीला कामावरून काढलं, त्यामुळे माझी पोर तेवढी तिथे जात नाही. शेजारणीचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, बाळ तर गेलं ना खुर्चीवर बसायला.

पहिल्याच सोमवारी मावशी माझ्या दारात हजर. मी डोळे पुसत होते. “रडायचं ते नंतर रड. पोरगी कुठाय? गल्लीतली आणखी दोघं माझ्याकडे येतायत, हिलाही पाठव.”

मी स्वतःच तिला घेऊन गेले. मावशीची एकच खोली, चटई अंथरलेली, दार सताड उघडं. पोर उंबऱ्याशीच थांबली आणि मावशीच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, “इथे मोठ्यानं बोललं तर चालतं?”

“बोल काय? ओरड!”

पोर ओरडली. एवढंसंच. आणि लगेच वळून माझ्याकडे बघितलं, मी अजून आहे ना म्हणून.