वरच्या टोकाची ओलाया

लेस्मेस मागावर बसला की त्याला हाक मारून उपयोग नसे. राजवाड्याच्या भिंतींसाठी लोकरीत चित्रं विणायची, हे माद्रिदच्या आमच्या कारखान्याचं काम. उघड्या खिडक्यांतून ऊन यायचं, त्यात लोकरीचे तंतू तरंगायचे, आणि लेस्मेस त्यांच्यामागून कुठल्या कुठे निघून जायचा. मी शेजारी कांड्या भरत बसायचे आणि त्याच्या वाटचंही बोलून घ्यायचे.

त्या साली नमुना म्हणून मागाखाली आलेल्या चित्रात त्याची लेक ओलाया होती. गल्लीतली पोरं ओंडक्यावर फळी टाकून वरखाली खेळायची, तेव्हा चित्रकार त्यांना रेखाटून गेला होता. खालच्या टोकावरच्या पाववाल्याच्या पोराला त्याने मखमल चढवून सरदारपुत्र केलं. ओलाया मात्र होती तशीच, वरच्या टोकाला, ढगांत अनवाणी पाय सोडून हसणारी. चित्र कारखान्यात आलं तोवर ती देवीच्या साथीत गेली होती.

लेस्मेस तिला सावकाश विणत होता. संध्याकाळी उठताना म्हणायचा, "आज कोपरापर्यंत आलो." मी मान हलवायचे.

पाय तेवढे राहिले होते, तेव्हा मुकादम इल्देफोन्सो आला.

"राजपुत्राच्या खोलीत अनवाणी पोरं नकोत म्हणे. बूट घाल तिला."

"तिला बूट नव्हते, साहेब."

"मग आता घाल. नाहीतर दुसरा विणकर बसवतो."

मुकादम गेला. लेस्मेसने कांडी खाली ठेवली. "पाय झाकले तर ती माझी राहील का?" म्हणाला आणि उठून दाराकडे निघाला. माझं डोकंच फिरलं.

"बस खाली, मूर्खा! बर्फात ती अनवाणी पाणी आणायची, तेव्हा कुणाचा जीव तुटायचा? आता बूट मिळतायत, तर ते परक्याच्या हातून घालणार?"

तो दारातून वळला. मग परत येऊन बसला.

"कासिल्दा, लाल लोकर दे. पुढच्या चित्रातल्या राजाच्या झग्यासाठी ठेवलीय ना, ती."

मी दिली. कोण विचारतं!

आम्ही पाठीकडून विणतो. काम मागावरून उतरेपर्यंत पुढची बाजू दिसत नाही. ते उतरवून उलटलं, तेव्हा ओलाया निळ्या आभाळात बसली होती, लाल बुटांत. मला रडू आवरेना. मुकादम गाडी बोलवायला गेला.

लेस्मेस गुडघ्यांवर बसला. बुटाचं टोक त्याने अंगठ्याने हळूच दाबून पाहिलं.

"चावत नाहीत ना गं?"