फळ्यावर तिची जागा

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या मळीचा आंबूसगोड वास पहाटेच्या धुक्याचं बोट धरून घरात शिरतो. पूर्वी माझी बायको, पारू, नाक मुरडत उठायची आणि खिडकी ओढून घ्यायची. ती गेल्यापासूनचा हा दुसरा हंगाम. खिडकी उघडीच राहते, वास उशाशी येऊन बसतो, आणि कुणावर चिडावं ते न कळल्यामुळं मी दिवसभर सगळ्यांवरच चिडतो.

परवा असाच चिडचिडत इस्लामपुरात युनियनच्या खोलीवर गेलो. जुन्या कामगारांसाठी तिथं अभ्यासवर्ग होता आणि सांगलीच्या कॉलेजातली एक मुलगी शिकवायला आली होती. आवाज मधाचा, पण हातातला खडू लय निर्दय. तिनं फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं मालक, ज्याच्याकडं जमीन आणि यंत्रं. उजवीकडं कामगार, ज्याच्याकडं विकायला फक्त आपले हात. मग माझ्याकडं वळली. "तात्या, तुम्ही कुठल्या बाजूला?"

"दोन्हीकडं," मी म्हणालो. "आता काय मधनं चिरतीस व्हय मला?"

सगळे हसले. पण मी खोटं काय बोललो? उभी हयात त्या सहकारी कारखान्याच्या बॉयलरपुढं भाजून काढली, आणि त्याच कारखान्याला ऊस घालणारा सभासदही मीच. शेअरचा कागद ट्रंकेत, खाकी कपडे खुंटीला. सातवी नापास माणसाला कळतं ते त्या फळ्याला का कळू नये?

त्या वैतागातच संपाचं साल आठवलं. ऐन हंगामात आम्ही गेट अडवून बसलो होतो, आणि तिकडं माझाच ऊस माझ्याच रानात तुरे काढून उभा होता. उन्हात ते तुरे चांदीसारखे हलत आणि आतून पेरं पोकळ होत जात. भाकरी घेऊन आलेली पारू सगळ्यांदेखत म्हणाली, "आवं, सभासद तुमीच न्हवं? मग सोताला मुर्दाबाद म्हणायला एवढ्या लांब कशाला आलायसा? घरात बसून म्हणा, मी ऐकती की!"

"गड्या, वैनीलाच फुडारी कर," शेजारचा ओरडला.

दुसऱ्या दिवशी तिनं चार बायकांना वारंगुळ्यानं बोलावलं, म्हणजे आज माझ्या रानात, उद्या तुझ्या; आणि ऊस तोडून गुऱ्हाळाला घालायला काढला. मी गेटवरून धावत गेलो. उभ्या उसाचाच तर कारखान्यावर दाब होता; संप फोडलास म्हणून तिच्यावर ओरडलो, आमच्यावर साहेब ओरडायचा अगदी त्याच आवाजात. कोयता न थांबवता ती म्हणाली, "संप तुमचा. मला कुणी इचारलं? माजं काम कवा बंद पडलं, तेवढं सांगा."

मी पाय आपटत गेटवर परत गेलो होतो.

अभ्यासवर्गात चहा फिरत असताना तीच गोष्ट मी हसत हसत सांगितली. मुलगी हसली नाही. "आणि आजी कुठल्या बाजूला?" म्हणत तिनं खडू माझ्या हातात ठेवला.

सोपं वाटलं. जमीन माझ्या नावावर, शेअर माझ्या नावावर, पगार माझ्या खिशात. तिच्याकडं उसाच्या पानांनी चिरलेले दोन हात. मी उजवीकडं वेड्यावाकड्या अक्षरात 'पारू' लिहिलं आणि मागं सरून बघितलं. रेघेच्या पलीकडची, बरोबर तिच्यासमोरची जागा मोकळी होती. तिथं साहेबाचं नाव बसेना, चेअरमनचंही बसेना. तिनं त्यांच्या हाताखाली एक दिवससुद्धा काम केलं नव्हतं.

मी खडू टेबलावर आपटला, पोरीला म्हणालो, "लय शानी हायस," आणि चहा तसाच टाकून बाहेर पडलो.

आज पहाटे पुन्हा वास आला. पडून राहवेना, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा खिडकी लावायला मी उठलो. कडी कुठं आहे ते चाचपावं लागलं. पितळ तिच्या बोटांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. खिडकी ओढली, तरी हात तिथंच राहिला.