काचेवरचा अंगठा

केंटकीतल्या आमच्या गावात डेलमर हॅस्किन्स ट्रक दुरुस्त करायचा. त्याचा मुलगा लायल सैन्यात हेलिकॉप्टरवर होता. सरावाच्या उड्डाणात ते कोसळलं आणि लायल गेला. त्याच्या खोलीत ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचं अर्धवट जोडलेलं प्लास्टिकचं मॉडेल राहिलं होतं. डेलमरने ते पुरं करायला घेतलं. गॅरेज बंद पडलं, जेवणाखाण्याची शुद्ध राहिली नाही. माणूस त्या टेबलाशीच बसून असायचा.

मॉडेलच्या पुढच्या काचेवर गोंदात उमटलेला लायलचा अंगठा होता. डेलमर रोज भिंगातून तो बघायचा, पण कुणाला बोलला नव्हता.

एकदा शेजारचा ऑर्व्हल मदतीला आला. त्याला मॉडेलं बनवायचा जुना नाद. डेलमर कॉफी घेऊन आत आला, तेव्हा ऑर्व्हल खुशीत म्हणाला, "बघ, घासून काच कशी लख्ख केली! केवढा डाग पाडून ठेवला होतास, लेका!"

डेलमरच्या हातून कप पडला. "डाग नव्हता रे तो. माझ्या पोराचा अंगठा होता."

डेलमर ओरडला नाही. त्याने दिवा जवळ ओढला आणि दारं, चाकं, पाती, एकेक भाग भिंगाखाली धरू लागला. "एवढं जोडलंय त्याने. कुठेतरी अजून एखादा उमटला असेलच."

ऑर्व्हलही शोधायला बसला. संध्याकाळपर्यंत काहीच सापडलं नाही.

"उद्या येशील?" डेलमरने विचारलं. "उन्हात धरून पुन्हा बघू."