कल्पिताचा करपा

कल्पिता करपा पाळायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. कोलशेतच्या आमच्या कंपनीत तिचं टेबल माझ्या शेजारी होतं आणि तिच्या काचेच्या ताटल्यांत भातावर करपा रोग आणणारी बुरशी वाढायची. ती जगवायची तिनंच आणि तिच्यावरचं औषधही तिनंच शोधायचं. त्या औषधापायी तिची सहा वर्षं गेली.

पानाच्या पेशीत शिरताना ही बुरशी त्या पेशीला बेसावध करणारी द्रव्यं तयार करते, बारीक पिशव्यांत भरते आणि आतल्या आत वाहून आपल्या तंतूच्या टोकाशी पोचवते. कल्पिताचं औषध ही वाहतूकच बंद पाडायचं. बुरशी जिवंत राहायची, पण माल पोचत नसल्यामुळे पान शाबूत. "बाकीचे विष ओततात गं, मी फक्त हमालांना संपावर पाठवते," असं म्हणून ती हसायची.

या बुरशीची एक खोड आहे. नुसत्या ताटलीत आयतं खात राहिली की ती मवाळ होते, रोगच करेनाशी होते. म्हणून अधूनमधून तिला कोवळ्या भातरोपांवर सोडायचं, रोपं आजारी पाडायची आणि पानावरच्या डागातून तिला पुन्हा काढून घ्यायचं. मोठं किचकट काम, पण कल्पितानं ते कधी चुकवलं नाही.

औषधाची मोठी ट्रायल तोंडावर आली आणि कोपरीच्या घरी तिची आई, सुमतीबाई, अंथरुणाला खिळली. घरात दुसरं कोणी नव्हतं. रजेवर जाताना कल्पितानं तिच्या हाताखालच्या मितेशला पुन्हा पुन्हा बजावलं, "ताटलीतून ताटलीत करू नकोस रे. रोपावरून काढ."

"टेन्शन नका घेऊ मॅडम, मी आहे ना!"

होता ना. दोन-अडीच महिने ताटलीतून ताटलीतच ढकलत होता मेला!

ट्रायलमध्ये औषध दिलेली रोपं हिरवीगार राहिली आणि न दिलेलीही हिरवीगार. साहेबांनी निकाल दिला, औषधानं काही फरक पडत नाही. मी केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, रोग आलाच नाही, तर औषधाचा गुण दिसणार कुठून?" ते म्हणाले, "कल्पिता येऊ दे, मग बोलू." ती यायच्या आत प्रकल्प बंद झाला. सगळ्या ताटल्या, फ्रीजरमधला जुना साठासुद्धा, वाफेवर शिजवून कचऱ्यात गेल्या. मितेशनं ब्र काढला नाही. त्याला दुसरा प्रकल्प मिळाला, याचा मला आजही संताप येतो.

सुमतीबाई गेल्या. दिवसकार्य उरकून कल्पिता कामावर आली. मला वाटलं, आता ही मितेशची गचांडी धरणार. ती रिकाम्या फळीसमोर नुसती उभी राहिली.

"शेवटी शेवटी आई माझा हात सोडत नव्हती," ती म्हणाली. "तेव्हा बरं वाटायचं, निदान मी जवळ आहे म्हणून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता वाटतं, सोडवून यायला हवं होतं."