व्हर्नाने कापलेल्या मागण्या

व्हर्ना स्टिल्टनर बावीस वर्षं एकाच कुलपाची किल्ली सांभाळत होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात औषधांचं घाऊक गोदाम होतं. तिथल्या जाळीच्या खोलीत, सवय लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या ठेवलेल्या असत. औषध-दुकानांच्या मागण्या तिच्याकडे येत. कोणी गोदामाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त मागितलं, की ती लाल पेनाने आकडा कापायची, मर्यादेइतक्याच गोळ्या पाठवायची आणि खाली सही करायची. ड्रायव्हर तिला कात्रीबाई म्हणत. दोन मुली वाढवलेल्या व्हर्नाला वाटे, आपल्या कात्रीने कुणाची तरी पोरं वाचत असतील.

त्या मार्चमध्ये सरकारचं पत्र आलं. नेहमीपेक्षा मोठी, नेहमीच्या रीतीहून वेगळी किंवा फारच वरचेवर येणारी मागणी कायद्याने संशयास्पद. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच कळवायचं. किती पाठवलं, हे पत्र विचारतच नव्हतं. किती मागितलं, एवढंच विचारत होतं.

व्हर्नाने पत्र दोनदा वाचलं. मग तिने औषध-दुकानदार एनिस ब्लँकनशिपच्या मागणीच्या चिठ्ठ्या काढल्या. आठशे वस्तीचं गाव, एकच औषध-दुकान. या महिन्यातली चौथी मागणी, नऊ हजार गोळ्यांची. तिने ती दोन हजारांवर आणली होती आणि मागितलेला आकडा कुणालाच कळला नव्हता. तिच्याच लाल रेघेखाली तो झाकला गेला होता.

एनिस काही परका नव्हता. तिची धाकटी डार्ला दम्याने निळी पडली, तेव्हा बर्फातून चालत जाऊन त्याने दुकान उघडलं होतं. कळवलं तर ते दुकान बंद पडणार. मग दरीतल्या म्हाताऱ्यांनी इन्सुलिनसाठी तासभर गाडी हाकायची.

"कापलीस ना?" मालक ऑर्विल म्हणाला. "मग संशय कसला? उगाच शेपटीवर पाय देऊ नकोस."

तिने एनिसलाच फोन लावला.

"काय कात्रीबाई, आज माझं काय उडवलंस?"

"एनिस, तुझ्या गावात इतक्या दुखऱ्या कंबरा कुठून आल्या?"

"सगळे खाणीत राबलेत, बाई. तुझा नवरा नव्हता का कण्हत?"

"तो कण्हायचा. पण तुझ्या दारात परराज्यातल्या गाड्या उभ्या असतात, आमचे ड्रायव्हर सांगतात."

"डॉक्टरची सही असते, व्हर्ना. मी कोण नाही म्हणणारा?"

"मीसुद्धा हेच म्हणत आले. कापते ना, मग झालं."

दुपारी तिने सरकारला कळवायचा फॉर्म भरला. मागितलेला आकडा लिहिला, नऊ हजार. सोबत वर्षभराच्या चिठ्ठ्या जोडल्या. ऑर्विलने एक उचलली.

"वेडी आहेस का? प्रत्येकीवर तुझी सही आहे."

"माहीत आहे. दुसऱ्या कुणाची असायला हवी होती का?"

कागद फॅक्समध्ये सरकवून तिने पुन्हा एनिसचा नंबर फिरवला.

"इन्सुलिन, श्वासाचे पंप, सगळं सोमवारी येईल. गोळ्या येणार नाहीत. एकही नाही. मी कळवलंय."

"माझं नाव?"

"तुझं. आणि माझंही."

पलीकडे कुणीतरी गिऱ्हाईक आलं असावं, दाराची घंटा वाजली. एनिस हळूच म्हणाला, "गाडीवर ओहायो राज्याची नंबरप्लेट आहे. याला काय सांगू?"

"गोळ्या नाहीत म्हणून सांग," व्हर्ना म्हणाली. "मी आहे फोनवर. सांग."