कण्हेरीच्या फांद्यांचं पाणी आबा प्यायले

मैत्रिणींनो, आज घडलेलं लगेच लिहितेय.

निमगाव सावाच्या बहिणीकडून गुलाबी कण्हेरीच्या फांद्या आणल्या होत्या. मुळं फुटावीत म्हणून त्या तांब्यात पाण्यात ठेवल्या होत्या. आज सकाळी फांद्या पिशव्यांत लावायला अंगणात नेल्या आणि ते पाणी तांब्यात तसंच ओट्यावर राहिलं.

तेवढ्यात माझे सासरे, आबा, शेतातून तहानलेले आले. आतून हाक आली, "पोरी, पाणी लई कडू लागतंय गं!"

धावत गेले तर तांब्या त्यांच्या हातात. कण्हेर विषारी असते हे मला चांगलं ठाऊक होतं. लगेच नारायणगावच्या डॉक्टरांना फोन लावला. मीठपाणी पाजून उलटी काढणार होते, पण डॉक्टर फोनवर ओरडले, "घरी काही करू नका, आधी इकडे आणा!"

शेजारच्या भाऊंनी गाडी काढली. वारूळवाडीहून नारायणगाव ते कितीसं लांब, पण आज रस्ता संपता संपेना. मी आबांची नाडी धरून बसले होते, पण ठोके मोजताच येईनात. आबाच माझा हात दाबत म्हणाले, "दोनच घोट घेतलं मी. घरात सांगू नको कुणाला, तुला बोलतील."

दिवसभर दवाखान्यात त्यांच्या हृदयाचे ठोके तपासत होते. आत्ताच घरी सोडलंय, बरे आहेत.

घरात सगळ्यांना मीच सांगितलं. आता तुम्हालाही सांगतेय. तुमच्या ओट्यावर, खिडकीत कशाच्या फांद्या पाण्यात आहेत? एकदा उठून बघता का?